जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलं आता विशीत : मोठ्यांच्या विभागात जाताना नेमकं काय सुटतं?

उंबरठा
उपचार नसतील तर आईकडून बाळाला विषाणू जाण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. लागण झालेल्या आणि औषध न मिळालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधीच जातात. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली. पुढे ती मुलांपर्यंत पोचली आणि ज्यांच्या शाळेत जाण्याचीही खात्री नव्हती ती मुलं आज वीस-पंचवीस वर्षांची आहेत. कुणी नोकरीत आहे, कुणाचं लग्न ठरतंय.

पण लहानपणी नीट चाललेले उपचार नेमके याच वयात विस्कटतात. १८ च्या आसपास बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात पाठवणी होते आणि वर्ष-दोन वर्षांत व्हायरल लोड (रक्ताच्या एका मिलिलिटरमधल्या विषाणूंचा आकडा) वर जातो किंवा पोरगं येणंच थांबवतं. या धाग्यात मला तत्त्वज्ञान नको आहे. नेमकं काय सुटतं, का सुटतं आणि त्यावर काय करता येतं, एवढंच लिहा.

एक विनंती. ओळख पटेल असं कुणाबद्दलही लिहू नका, स्वतःबद्दलही नको. अनुभवातून हाती लागलेलं तेवढं सांगा.

गोळीगणक
सर्वात आधी फाइल सुटते.

मोठेपणी लागण झालेला माणूस आणि जन्मापासून लागण असलेला २२ वर्षांचा तरुण हे दोघे एकाच रांगेत बसतात, पण त्यांचे विषाणू एकसारखे नसतात. दुसऱ्याच्या विषाणूने वीस वर्षं औषधं पाहिलेली असतात. कित्येकांची सुरुवात जन्माच्या दिवशीच झालेली आहे. १९९९ मध्ये युगांडातल्या चाचणीने दाखवलं की प्रसूतीच्या वेळी आईला नेविरापिन या औषधाची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि बाळाला वजनाप्रमाणे एक डोस दिला तर लागण बरीच टळते. स्वस्त आणि सोपा उपाय, लाखो बाळं वाचली. पण ज्यांना तरीही लागण झाली त्यांच्यातल्या अनेकांचा विषाणू त्या एका डोसातच नेविरापिनला सरावला, म्हणजे ते औषध त्याच्यावर चालेनासं झालं. त्यानंतर स्टॅव्ह्युडिन किंवा झिडोव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, पुन्हा नेविरापिन, मग एफाविरेन्झ, मग लोपिनाविर-रिटोनाविरचं ते कडूजहर पातळ औषध, आणि आता डोल्युटेग्राविर.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर विषाणूत बदल झाले असतील तर ते पुसले जात नाहीत. औषध बदललं की ते रक्तात दिसेनासे होतात, पण पेशींमध्ये दडून राहतात. आजच्या तपासणीत विषाणूचा औषधाला प्रतिकार दिसला नाही, एवढ्यावर तो कधी नव्हताच असं धरता येत नाही. म्हणून नव्या डॉक्टरांना फक्त ‘सध्या काय चालू आहे’ कळून भागत नाही. कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी थांबलं आणि का थांबलं, हे कळायला हवं. त्यातही ‘का’ हा रकाना बहुतेक फायलींत कोरा असतो. पुरळ आलं म्हणून बंद केलं, लोड वाढला म्हणून केलं की साठा संपला म्हणून? तिन्हींचा अर्थ पार वेगळा.

पिंपळपान
+१. आणि ‘का’च्या रकान्यात अबाकाविर या एचआयव्हीवरच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तो जिवाशी संबंधित प्रश्न आहे. अबाकाविरची अ‍ॅलर्जी एकदा आलेली असेल तर ते औषध आयुष्यात पुन्हा द्यायचं नसतं. दुसऱ्यांदा दिलं तर काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. हे तरुणाला स्वतःला तोंडपाठ हवं. फाइल हरवू शकते.

शांतनदी
फाइल महत्त्वाची आहेच. माझ्या मते तिच्याआधी सुटतो तो सराव.

बालरोग विभागात काय असतं? तारीख आईच्या किंवा आजीच्या लक्षात, गोळ्या मामाने आणलेल्या, डॉक्टर बोलतात तेही पालकांशी. मूल शेजारी पाय हलवत बसलेलं. १८ पूर्ण झाले की एका चिठ्ठीवर त्याला ‘मोठा’ केलं जातं. जे काम त्याने कधी केलंच नाही ते एका दिवसात त्याच्या गळ्यात पडतं.

ही तयारी १२-१३ व्या वर्षी सुरू व्हायला हवी आणि एकेक गोष्ट हातात द्यायला हवी. आधी स्वतःच्या गोळ्यांची नावं आणि वेळ. मग सात कप्प्यांची डबी रविवारी स्वतः भरणं. १५ च्या आसपास भेटीतली पहिली दहा मिनिटं पालकांना बाहेर बसवून डॉक्टरांनी मुलाशी बोलणं. तेव्हा विचारलं तर कळतं की बाथरूममध्ये किती गोळ्या वाहून गेल्या आहेत. १६-१७ ला पुढची तारीख स्वतः घेणं, साठा संपायच्या आठवडाभर आधी स्वतः जाणं, आणि शेवटचा व्हायरल लोड किती होता हे न बघता सांगता येणं. मोठ्यांच्या विभागातली पहिली भेट ओळखीच्या नर्सने किंवा समुपदेशकाने सोबत जाऊन करून द्यावी. पुढच्या दोन भेटींना मूल पोचलं का, हे आधीच्या विभागाने फोन करून विचारावं. ‘पाठवलं’ म्हणजे ‘पोचलं’ नव्हे. गळती होते ती याच मधल्या जागेत.

आणि तारीख वाढदिवसाला बांधू नका. परीक्षा, घरातला मृत्यू, गरोदरपण, लोड वाढलेला असणं, यांपैकी काहीही चालू असेल तर सहा महिने थांबावं.

रोखठोक
थोडं कडू लिहितो. जुन्या काळी दिवसाला आठ-दहा गोळ्या, दोन वेळा, त्यात शीतकपाटात ठेवायचं औषध. आता बहुतेकांना टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा, जेवणाआधी-नंतर कधीही. यापेक्षा सोपं काय करायचं? मधुमेहाची मुलं रोज सुया टोचून घेतात. फार गोंजारलं तर जबाबदारी कधीच येणार नाही.

अबोली
रोखठोक, मधुमेहाच्या मुलाला सुई लपवावी लागत नाही. निदान ती दिसली म्हणून कुणी त्याच्या खोलीतून सामान हलवत नाही.

ती गोळी घ्यायला एक क्षण पुरतो हे खरं, पण तो क्षण कुठे मिळतो ते बघा. वसतिगृहाची खोली, तिघे सोबती. पांढरी प्लॅस्टिकची बाटली, तीस गोळ्या, वर नाव छापलेलं. बाटली उचलली की खुळखुळते. म्हणून मुलं आत कापूस कोंबतात. लेबल नखाने खरवडून काढतात किंवा गोळ्या जीवनसत्त्वाच्या बाटलीत ओततात. कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपड्यांच्या घडीत ठेवतात. मग दमट हवेत गोळी ओलसर होते, कारण ओल शोषणारी ती छोटी पुडी मूळ बाटलीत राहिलेली असते. रात्री नऊचा गजर वाजतो तेव्हा सगळे जेवायला एकत्र, की आजची गोळी ‘नंतर’वर जाते. आणि नंतर झोप लागते.

याला आळस म्हणून चालणार नाही. यावर करता येण्यासारखं बरंच आहे. बाटली मूळचीच ठेवा, लेबल काढा, आतली पुडी काढू नका. एका दिवसाची गोळी किल्लीला अडकवायच्या छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, म्हणजे बाहेर अडकलं तरी चुकत नाही. डोल्युटेग्राविर रात्रीच घेतलं पाहिजे असं नाही. सकाळी दात घासताना घेतलं तर माणसं कमी असतात आणि ज्यांची झोप उडते त्यांचीही तक्रार जाते. एफाविरेन्झने चक्कर आणि विचित्र स्वप्नं पडायची म्हणून ते झोपताना द्यायचे, ती सवय औषध बदलल्यावरही तशीच चालू राहिली आहे. गजराला ‘औषध’ असं नाव देऊ नका. ‘मांजराला दूध’ लिहिलं तर कुणी विचारत नाही.

टाचण
मांजर नसलेल्या घरात काय करायचं? :)

अबोली
‘झाडाला पाणी’.

सुईदोरा
गोळी चुकली तर काय, हे स्पष्ट लिहून ठेवते, कारण यावर घाबरून चुकीचं केलं जातं.

एक डोस विसरला आणि आठवलं, की लगेच घ्यायचा. पुढच्या डोसाला चार तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर चुकलेला सोडून द्यायचा आणि पुढचा वेळेवर घ्यायचा. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. डोल्युटेग्राविर हे बरंच सोशिक औषध आहे, एखाद्या चुकलेल्या डोसाने विषाणू सरावत नाही.

सलग सुटणं ही मात्र वेगळी गोष्ट. सगळं थांबवलं की दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसायला लागतो. जुन्या एफाविरेन्झच्या उपचारात आणखी एक खोच होती. तिन्ही औषधं एकाच दिवशी थांबवली तरी ती शरीरातून एकाच वेगाने जात नाहीत. इतर लवकर ओसरतात आणि एफाविरेन्झ दोन-तीन आठवडे शेपटीसारखं मागे राहतं. त्या काळात विषाणूला एकट्या औषधाशी झुंजायचं असतं, आणि त्या औषधाला हरवायला त्याला एकच बदल पुरतो. ‘आठवडाभर घेतल्या, दोन आठवडे सोडल्या’ असं करणाऱ्यांचा विषाणू म्हणूनच पटकन सरावला. आज डोल्युटेग्राविरवर असलेल्या मुलांपैकी अनेकांच्या मागे हा इतिहास आहे.

ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांच्यासाठी आणखी एक. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. गोळ्या अचानक थांबल्या की यकृताची सूज उसळू शकते.

महिना-दोन महिने सोडून परत आलेल्या मुलाला पहिला प्रश्न ‘का सोडल्यास?’ असा विचारू नका. ‘बरं झालं आलास’ म्हणा आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) करा. २०० च्या खाली असेल तर क्षयाची तपासणी, क्रिप्टोकॉकसची (मेंदूज्वर करणारी बुरशी) रक्ततपासणी आणि कोट्रायमोक्साझोल (इतर संसर्ग टाळणारी गोळी) यांचा विचार त्याच दिवशी सुरू व्हायला हवा. ओरडा खाऊन गेलेलं मूल तिसऱ्या वेळी येत नाही.

रोखठोक
वसतिगृहाचा मुद्दा मान्य. तुलना चुकली माझी, सुई लपवावी लागत नाही हे खरंच. पण व्हायरल लोडचा आकडा मुलाला कळलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे. आकडा दडवून ‘सगळं छान आहे’ म्हणणाऱ्यांनी जास्त नुकसान केलंय.

शांतनदी
इथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत. फक्त आकड्याचा अर्थही सांगा. १००० च्या वर आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. तीन महिने गोळ्या नीट घेण्यासाठी मदत करायची, मग पुन्हा तपासायचं. ५० ते १००० च्या मधला असला तरी तेच, मदत आणि तीन महिन्यांनी तपासणी. डोल्युटेग्राविरवर असताना आकडा वाढला तर बहुतेक वेळा कारण न घेतलेली गोळी हेच असतं. म्हणून औषध बदलायची घाई करू नये.

तालीमवाला
थोडं अवांतर. व्यायामशाळेत जाणारी बरीच मुलं प्रोटीनची पावडर, क्रिएटिन, कॅल्शियम, लोह असं सगळं घेतात. याचा गोळ्यांशी काही संबंध येतो का?

गोळीगणक
हे अजिबात अवांतर नाही. लोड का वाढला याचं उत्तर कधीकधी नेमकं इथेच सापडतं.

डोल्युटेग्राविर धातूंना चिकटतं. कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, यांपैकी काही त्याच वेळी पोटात असेल तर औषध त्याला धरून बसतं आणि रक्तात कमी उतरतं. आम्लपित्तावरच्या मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमच्या औषधांबाबत नियम असा : गोळी त्यांच्या २ तास आधी घ्या किंवा ६ तासांनी. कॅल्शियम आणि लोह भरल्या पोटी गोळीसोबतच घेतलं तर चालतं, उपाशीपोटी घ्यायचं तर हेच अंतर पाळायचं. प्रोटीनच्या डब्यावर खनिजांची यादी असते, ती वाचा. गरोदरपणात लोह-कॅल्शियम दोन्ही चालू असतात, तिथे हे सांगायचं राहूनच जातं.

क्रिएटिनचा घोळ वेगळा. मूत्रपिंड नीट चालतं का हे बघायला रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात, आणि डोल्युटेग्राविर मूत्रपिंडातून ते बाहेर टाकण्याची वाट थोडी अडवतं. मूत्रपिंड बरं असूनही रक्तातलं क्रिएटिनिन किंचित वाढलेलं दिसतं. वरून क्रिएटिनची पावडर घेतली की आकडा आणखी चढतो. मग टेनोफोविरने मूत्रपिंड बिघडलं अशी शंका घेऊन चांगलं चाललेलं औषध बदललं जातं. तपासणीआधी पावडर घेतो हे सांगून टाका आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. टेनोफोविरवर असताना अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दिवसेंदिवस खाणं मात्र खरोखर धोक्याचं आहे.

क्षयाचे उपचार सुरू झाले तर रिफाम्पिसिन डोल्युटेग्राविरला भराभर संपवतं. तेव्हा ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने लागतं, आणि रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही दोन आठवडे तसंच ठेवतात. फिट्सवरच्या कार्बामाझेपिनसोबतही दोनदाच.

पिंपळपान
दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिली औषधं चालेनाशी झाल्यावर दिलेल्या औषधांवर असलेल्यांसाठी दोन भर. अ‍ॅटाझानाविरने डोळे पिवळे दिसतात. बिलिरुबिन वाढतं, पण यकृत बिघडलेलं नसतं. वीस वर्षांच्या मुलीला मात्र वर्गात ‘तुला कावीळ झालीय का’ असं रोज कुणीतरी विचारतं आणि ती गोळी सोडते. डॉक्टरांच्या लेखी हा निरुपद्रवी परिणाम आहे, तिच्या लेखी नाही. औषध बदलून मागण्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे, मागा. त्याच औषधासोबत ओमेप्राझोल घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही.

दुसरं, रिटोनाविर चालू असताना दम्याचा किंवा नाकाचा फ्लुटिकासोन, बुडेसोनाइडचा फवारा. एरवी साधी गोष्ट, पण रिटोनाविर त्या स्टेरॉइडचा निचराच थांबवतं. काही आठवड्यांत चेहरा गोल, वजन वाढलेलं, साखर चढलेली. फवारा लिहून देणाऱ्या डॉक्टरला चालू गोळ्या सांगितल्याच नाहीत की हे होतं.

क्षितिजा
शरीराबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. जन्मापासून विषाणू असण्याच्या खुणा गोळ्यांनी सगळ्या पुसल्या जात नाहीत, विशेषतः उपचार उशिरा, आठ-दहाव्या वर्षी सुरू झाले असतील तर. उंची कमी राहते, वयात येणं दोन-तीन वर्षं लांबतं. २१ वर्षांचा मुलगा १५ चा दिसतो आणि नोकरीच्या मुलाखतीत तेच आधी दिसतं. स्टॅव्ह्युडिन घेतलेल्यांचे गाल बसलेले, हातपाय काटकुळे, शिरा वर आलेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. बंद केल्यावर चरबी परत येते, पण हळू आणि अर्धवट. कपाळावर, हातांवर चपटे चामखीळ. लहानपणापासून वाहणारा कान आणि त्यामुळे कमी झालेलं ऐकू येणं, जे ‘लक्ष देत नाही’ म्हणून खपून जातं.

सर्वात दुर्लक्षित म्हणजे छाती. जिना चढताना धाप, जुना खोकला, क्ष-किरणात फारसं काही नाही, क्षयाची तपासणी कोरी, तरी पुन्हा पुन्हा क्षयाचेच उपचार. लहान श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या असू शकतात. फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, मागून घ्या.

काहींना एकावेळी तीन गोष्टी लक्षात ठेवणं, बेत आखणं जड जातं. हाही विषाणूने लहान वयात मेंदूवर केलेला परिणाम असू शकतो. अशा मुलाला तोंडी पाच सूचना देऊन उपयोग नाही. एक सांगा, ती लिहून द्या, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या.

लसींचंही बघा. लहानपणी प्रतिकारशक्ती खाली असताना घेतलेल्या लसींचा परिणाम टिकलेला नसतो. हिपॅटायटिस बी ची प्रतिपिंडं १० च्या खाली असतील तर पुन्हा घ्यावी लागते. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) लस एचआयव्ही असलेल्यांना शक्यतो तीन डोसांची. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट आहे, म्हणून त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी.

रानवारा
या वयातला मूळ प्रश्न प्रेमाचा आहे आणि त्यावर डॉक्टर सर्वात कमी बोलतात. समोरच्याला सांगायचं की नाही?

मध्यरेषा
विज्ञान आधी सांगतो, मग मत.

गोळ्या नियमित आणि व्हायरल लोड तपासणीत सापडत नाही इतका कमी असेल तर शरीरसंबंधातून विषाणू जात नाही. २०१६ चा पार्टनर अभ्यास ८८८ जोडप्यांचा, २०१९ चा दुसरा ७८२ पुरुष जोडप्यांचा. एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, निरोधाशिवाय संबंध. जोडीदाराकडून झालेली लागण दोन्हींत शून्य. निरोध इतर गुप्तरोगांसाठी आणि गर्भ नको असेल तर हवाच. लोड अजून खाली आलेला नसेल तर तोवर निरोध, आणि जोडीदाराने संसर्ग टाळण्याच्या गोळ्या घेणं हा आणखी एक मार्ग.

मूलही होऊ शकतं. आईचा लोड गर्भधारणेच्या आधीपासून शेवटपर्यंत दबलेला असेल तर बाळाला लागण होण्याचा धोका एक टक्क्याहूनही कमी. आईकडून विषाणू मिळालेल्या मुलीला हे वाक्य कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. अनेकींनी मनात ‘मला मूल नको’ असं दहाव्या वर्षीच ठरवून टाकलेलं असतं. डोल्युटेग्राविरबद्दल २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या पाहणीतून बाळाच्या मज्जारज्जूत दोष येण्याची शंका आली होती. पुढे आकडे वाढत गेले तसा तो फरक मावळला. ते गरोदरपणातही चालतं. बाळाची प्रतिपिंडांची तपासणी १८ महिन्यांपर्यंत फसवी असते, कारण त्यात आईचीच प्रतिपिंडं दिसतात. म्हणून सहा आठवड्यांना विषाणूचीच पीसीआर तपासणी करतात.

मत : लग्नाआधी सांगावं. पहिल्या भेटीत सांगायची गरज नाही.

अबोली
पहिल्या भागाशी सहमत, पण एक अट घालते. सांगण्याआधी सुरक्षितता पाहा. मारहाण, घराबाहेर काढणं, सगळ्यांना कळवून टाकणं, यांपैकी कशाची भीती असेल तर एकटीने सांगू नये. समुपदेशकासमोर, दोघांना बसवून सांगावं. मेसेजवर तर कधीच नाही. लिहिलेलं पुढे पाठवता येतं. आणि लोड दबलेला असेल तर तो तपासणीचा कागद जवळ ठेवावा. ‘माझ्यापासून तुला होणार नाही’ हे वाक्य कागदासोबत जास्त ऐकलं जातं.

रोखठोक
लग्नाआधी सांगावं, यात अट नको. दुसऱ्या माणसाचाही हक्क आहे.

अबोली
हक्क आहेच. मी ‘सांगू नका’ म्हणत नाहीये, ‘कसं आणि कुणासमोर’ एवढंच म्हणतेय.

शांतनदी
जोडीदाराला सांगता येणं हे त्या मुलाला स्वतःला कसं कळलं होतं यावर बरंच अवलंबून असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच म्हटलं आहे की शाळकरी वयात, ६ ते १२ मध्ये, मुलाला त्याच्या समजेप्रमाणे सांगत जावं. सहाव्या वर्षी ‘तुझ्या रक्तात एक झोपलेला किडा आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते’ इतकं पुरतं. नाव नंतर येतं. घरचे मात्र ‘दम्याच्या गोळ्या’ सांगतात. मग तेराव्या वर्षी मूल बाटलीवरचं नाव फोनवर शोधतं आणि रात्री एकट्याने सगळं वाचतं. विषाणूचा धक्का तर बसतोच, पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आपल्याशी खोटं बोलल्याचा त्याहून जास्त बसतो. ज्याला असं कळलं तो पुढे कुणालाच सांगत नाही. आईवडील कशाने गेले हेही त्याला त्याच रात्री कळलेलं असतं. त्या दुःखाला वेगळी जागा लागते, ते गोळ्यांच्या समुपदेशनात उरकत नाही.

टाचण
पूर्ण बरं होण्याचं कुठवर आलंय? आणि इंजेक्शन?

सुईदोरा
अमेरिकेतल्या मिसिसिपीत जन्मतः लागण झालेल्या एका बाळाकडून सगळ्यांनाच आशा होती. २०१० मध्ये जन्म, सुमारे ३० तासांत औषधं सुरू, दीड वर्षाच्या सुमारास थांबली, तरी दोन वर्षांहून जास्त काळ विषाणू दिसला नाही. २०१४ मध्ये तो परत आला. पेशींमधला दडलेला साठा संपत नाही तोवर गोळ्या लागणारच.

इंजेक्शन मात्र खरं आहे. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिन ही दोन, दोन्ही कुल्ल्यांत, दर दोन महिन्यांनी. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोड दबलेल्या प्रौढांसाठी आणि किशोरांसाठी हा पर्याय मान्य केला. बाटली लपवायचा प्रश्नच मिटतो. पण हिपॅटायटिस बी असेल तर चालत नाही. नेविरापिन-एफाविरेन्झला सरावलेला विषाणू रिल्पिविरिनलाही दाद न देण्याची शक्यता असते. म्हणजे आपल्या या मुलांसाठी पुन्हा जुन्या फायलीवरच सगळं येऊन ठेपतं.

उंबरठा
सुईदोरांनी मूळ प्रश्नावर आणून सोडलं. तर मग त्या फायलीचा एक कागद करायचा झाला, जो मुलाच्या स्वतःच्या हातात राहील, तर त्यावर काय हवं?

गोळीगणक
एकच पान, दोन बाजू.

पुढे : निदान कोणत्या वयात झालं. उपचार कधी सुरू झाले. जन्माच्या वेळी आईला-बाळाला काही दिलं होतं का. मग औषधांची ओळ, प्रत्येकाला सुरुवात, शेवट आणि कारण. कारण माहीत नसेल तर तसं लिहा, अंदाज लिहू नका. आतापर्यंतचा सर्वात कमी सीडी४ आणि त्याचं वर्ष. शेवटचे तीन व्हायरल लोड तारखांसह. प्रतिकाराची तपासणी झाली असेल तर तिची प्रत जोडायची, सारांश चालत नाही.

मागे : कोणत्या औषधाने काय झालं, ठळक. क्षय झाला होता का, किती वेळा, उपचार पूर्ण झाले का. क्षय टाळण्याच्या गोळ्या घेतल्या का. हिपॅटायटिस बी आणि सी. लसी. ऐकणं, छाती, मूत्रपिंड. आणि सर्वात खाली, त्याला स्वतःबद्दल कोण काय जाणतं : घरात कुणाला माहीत आहे, कुणाच्या फोनवर निरोप ठेवायचा नाही.

पिंपळपान
ती शेवटची ओळ कृपया कुणी गाळू नका. विभागातून आलेला एक फोन चुकीच्या माणसाने उचलला म्हणून मुलं पत्ता बदलून गायब होतात.

क्षितिजा
सोबत्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. झिम्बाब्वेतल्या झ्वांदिरी या कार्यक्रमात १८ ते २४ वयाची, स्वतः एचआयव्हीसह जगणारी मुलं प्रशिक्षण घेऊन आपल्यासारख्याच मुलांच्या घरी जातात, गोळ्यांबद्दल बोलतात, दवाखान्यात सोबत जातात. चाचणीत अशा सोबतीने व्हायरल लोड खाली राहायला मदत झाल्याचं दिसलं. मोठ्यांच्या विभागात आठवड्यातला एक तास तरी फक्त १८ ते २४ साठी ठेवला आणि रांगेत असं एक ओळखीचं तोंड बसवलं, तर शांतनदींनी सांगितलेली ती मधली जागा बरीच भरते.

शांतनदी
आणि तो तास सकाळी अकराचा नको. तेव्हा सगळी कॉलेजात नाहीतर कामावर असतात. संध्याकाळी पाचनंतर ठेवा, आणि एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्या.